कल्याणची लोपलेली ख्रिस्तसभा



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवळाची पायाभरणी, आजवर येथे राबून गेलेले धर्मगुरू, शाळा आणि सिस्टरांचा मठ यांची हकीगत इतर लेखकांनी दिलीच आहे. तीच पुन्हा सांगण्यात काही स्वारस्य नाही. आम्हांस समितीने आद्य ख्रिस्तसभेविषयी लिहावयास सांगितले. आद्य ख्रिस्तसभा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यरुशलेम, अंत्युखिया, रोम ही नगरे उभी राहतात, आणि ते योग्यही आहे. परंतु आपल्या महाराष्ट्रभूमीवरही एक फार जुनी ख्रिस्तसभा होती, तिला स्वतःचा बिशप होता, आणि पुढे ती अशी नाहीशी झाली की तिचे एक देऊळही आज दाखविता येत नाही, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो तेव्हा रोमन बादशहांची यादी तोंडपाठ करावी लागली; कल्याणचे नाव मात्र एका ओळीत आले आणि गेले. ती ओळ पुढे पुष्कळ वर्षे आमच्या मनात राहिली आहे. ज्युबिलीच्या आनंदात लोपलेल्या ख्रिस्तसभेची आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की ज्या घरी उत्सव आहे त्या घराने आपला दिवा कशाने जळतो आणि कशाने विझतो, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

प्रथम यरुशलेमकडे वळू. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर जे शिष्य एकत्र जमले त्यांची संख्या सुमारे १२० होती, असे पवित्र लूक 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात सांगतो. एवढीच ती ख्रिस्तसभा! आमच्या या लहानशा धर्मग्रामातही नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला याहून अधिक माणसे जमतात. त्यांस देऊळ नव्हते, शाळा नव्हती, सरकारदरबारी मान नव्हता. प्रेषितांची शिकवण ऐकणे, एकमेकांच्या सहवासात राहणे, भाकर मोडणे आणि प्रार्थना करणे, या चार गोष्टींवर ती मंडळी उभी होती. ज्यांच्यापाशी शेतवाडी होती त्यांनी ती विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी ठेवला. हे चित्र आपण उपदेशातून इतक्या वेळा ऐकतो की त्या मंडळीत कधी भांडण झालेच नाही, असा आपला समज होऊन बसतो. तो समज खरा नव्हे.

त्याच ग्रंथाचा सहावा अध्याय उघडून पाहावा. मंडळीत इब्री बोलणारे यहुदी होते आणि परदेशांतून येऊन राहिलेले, ग्रीक बोलणारे यहुदीही होते. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांनी सुरू केली. म्हणजे ख्रिस्तसभेतील अगदी पहिल्या तंट्यांपैकी हा एक तंटा पंगतीवरून आणि भाषेवरून उठला. पंगतीचा तंटा किती कडू असतो आणि किती पिढ्या चालतो, हे वऱ्हाडातल्या माणसास सांगावयास नको! प्रेषितांनी या वेळी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांस गप्प बसविले नाही, किंवा 'आपण सारे एक आहोत' असा उपदेश करून वेळ मारून नेली नाही. त्यांनी सर्व शिष्यांस बोलाविले आणि तुमच्यातूनच सात विश्वासू माणसे निवडा, असे सांगितले. निवडलेल्यांची नावे लूकने दिली आहेत: स्तेफन, फिलिप, प्रोखर, निकानोर, तीमोन, पर्मिनास आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. त्या काळी पॅलेस्टाइनातले यहुदीही ग्रीक नावे ठेवीत, हे आम्ही जाणतो. प्रेषितांतही एक फिलिप होताच. तथापि सातांपैकी सातही नावे ग्रीक निघावीत हा केवळ योगायोग असेल, असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच हाती वाढावयाची पळी दिली गेली. आणि याचे फळ काय आले? पंगत वाढावयास नेमलेल्या त्या सातांपैकी स्तेफन हा ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी झाला, आणि फिलिपाने शोमरोनात शुभवर्तमान नेले व वाटेत भेटलेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्यास बाप्तिस्मा दिला.

पुढील दोनशे वर्षांच्या ख्रिस्ती जीवनाविषयी आपणांस जी माहिती मिळते तिच्यातील काही भाग विरोधकांच्या लेखणीतून आलेला आहे, आणि म्हणून तो अधिक मोलाचा आहे. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने बादशहा त्राजन यास पत्र लिहिले. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात, ख्रिस्तास देव मानून स्तोत्र गातात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, अशी बातमी त्याने त्यात दिली. ती काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या ख्रिस्तसभेत सेविका म्हणून नेमलेल्या होत्या. साम्राज्याच्या दृष्टीने ज्यांस काही किंमत नव्हती अशा दोन बाया मंडळीत अधिकाराच्या जागी होत्या, हे सुभेदाराने आपल्या नकळत लिहून ठेवले आहे.

सुमारे १५५ साली रोममध्ये पवित्र जस्टिन या तत्त्वज्ञाने बादशहापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्याने केलेले रविवारच्या उपासनेचे वर्णन वाचताना आपल्याच मिस्सेचे वर्णन वाचीत आहोत असे वाटते. शहरातले व खेड्यांतले सर्व जण एका ठिकाणी जमत. प्रेषितांच्या आठवणी व संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचले जात. मग मुख्य पुरुष उपदेश करी. भाकर, द्राक्षरस व पाणी आणून उपकारस्तुती होई, आणि लोक 'आमेन' म्हणत. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी डीकन प्रसाद नेऊन पोहोचवीत. जमलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले पाहुणे यांच्यासाठी ठेवला जाई. दहाएक वर्षांनी जस्टिन रक्तसाक्षी झाला.

ही उपासना कोठे होत असे? घरांत. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दूरा-युरोपोस नावाचे एक रोमन ठाणे होते. १९३१-३२ साली झालेल्या उत्खननात तेथे एक घर सापडले. ते सुमारे २३२ च्या वेळी उपासनेसाठी बदलून घेतलेले होते. दोन खोल्यांमधील भिंत पाडून एक दालन केलेले, एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचा हौद, भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे चित्र. त्या दालनात साठसत्तर माणसे कशीबशी मावली असतील. आमच्या लांबच्या गावांतील मंडळी जेव्हा तक्रार करते की आमच्याकडे देऊळ नाही, ओसरीवर मिस्सा होतो, तेव्हा आम्हांस या घराची आठवण होते.

आता पश्चिम भारताकडे येऊ. कल्याण आणि सोपारा ही बंदरे पहिल्या शतकात ग्रीक खलाशांस ठाऊक होती. 'पेरिप्लस' या त्यांच्या प्रवासग्रंथात दोहोंची नावे आहेत, तशीच घाटावरील पैठण व तगर (आजचे तेर) यांचीही आहेत. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितो की आलेक्सांद्रियाचा विद्वान पांटेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात गेला आणि प्रेषित बार्थोलोमेव याने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान इब्री अक्षरांत त्यास तेथे आढळले. फादर हेरास व फादर पेरुमालिल यांसारख्या येशूसंघीय पंडितांनी हा हिंदुस्थान म्हणजे कल्याणचा किनारा होय, असे मत मांडले. त्या काळचे लेखक अरबस्तान व इथिओपिया यांसही सैलपणे हिंदुस्थान म्हणत, म्हणून आम्ही या मतावर फार भार घालीत नाही. बार्थोलोमेव कल्याणास आला असला तर आनंदच आहे. परंतु आपल्या विषयास त्याहून भक्कम पुरावा उपलब्ध आहे.

तो पुरावा कॉस्मास नावाच्या आलेक्सांद्रियाच्या व्यापाऱ्याचा. हा सहाव्या शतकात तांबड्या समुद्रातून हिंदी महासागरात फिरला आणि मग संन्यासी होऊन ५५० च्या सुमारास त्याने एक भूवर्णन लिहिले. त्यात तो सांगतो की सिंहलद्वीपात ख्रिस्तसभा आहे, जेथे मिरी पिकते त्या मलबारात आहे, आणि 'कल्लियाना' या नगरात तर पर्शियाहून दीक्षा घेऊन आलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण, असेच बहुतेक विद्वान मानतात. तेथून तांबे, शिसवी लाकूड व कापड परदेशी जाते, असेही तो व्यापारी नोंदवितो. व्यापाऱ्याची नजर व्यापाऱ्याचीच असावयाची.

वाशीमकरांनी येथे क्षणभर थांबावे. कॉस्मास फिरत होता त्याच्या दोनतीन पिढ्याच आधी आपले वाशीम, म्हणजे वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील राजा हरिषेण याच्या काळी अजिंठ्याची उत्तमोत्तम लेणी कोरली गेली. त्यांतील सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. वत्सगुल्मात त्या वेळी कोणी ख्रिस्ती होते असे म्हणण्यास काहीच आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. परंतु कल्याणच्या किनाऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नर, पैठण असा जो रस्ता देशावर येत असे, त्या रस्त्याच्या एका टोकास समुद्राकाठी मिस्साबलिदान होत होते आणि घाटमाथ्यापलीकडे मराठीची पूर्वज अशी प्राकृत भाषा बोलली जात होती. इ. स. १९३९ मध्ये उजेडात आलेला द्वितीय विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट पाहावा. त्यात राजवंशाचे गुणवर्णन संस्कृतात आहे, परंतु प्रत्यक्ष दान देण्याची वेळ आली की लेखक प्राकृतावर येतो. काम करावयाचे तर लोकांच्या भाषेत, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या वाशीमच्या लेखनिकासही कळत होते.

कल्याणच्या ख्रिस्तसभेची उपासनाभाषा मात्र पर्शियाच्या ख्रिस्तसभेची, म्हणजे सुरयानी होती. तिचा बिशप समुद्रापलीकडून येई. तिचे लोक बव्हंशी बंदरातील व्यापारी व त्यांचे कुटुंबीय असावेत, असे आम्हांस वाटते. घाट चढून ती देशावर आल्याची एकही खूण नाही. आणि कॉस्मासनंतर तिच्यावर शतकानुशतके पडदाच पडतो.

तो पडदा पुन्हा उघडतो तो १३२१ साली, ठाण्यास. त्या वर्षी तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन आणि दिमित्रियस नावाचा त्यांचा एक दुभाषी बंधू, तसेच जॉर्डन दे सेवराक हा फ्रेंच डॉमिनिकन, असे पाच जण जहाजाने ठाण्यास येऊन पोहोचले. पुढील हकीगत ओदोरिक या फ्रान्सिस्कनाने लिहून ठेवली आहे. ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती. ती नेस्तोरियन, म्हणजे पर्शियाच्या परंपरेतील होती. त्यांच्यापैकी एका घरी हे संन्यासी उतरले. घरधन्याने भांडणात आपल्या बायकोस मारले. ती काजीकडे दाद मागावयास गेली. साक्षीदार कोण असे विचारता या संन्याशांची नावे निघाली. त्यांस बोलावणे आले, धर्माचा वाद झाला, आणि त्याचा शेवट देहदंडात झाला. ९ एप्रिल रोजी तिघे आणि दोन दिवसांनी पीटर असे चौघे रक्तसाक्षी झाले. या कृत्याबद्दल दिल्लीच्या बादशहाने ठाण्याच्या अंमलदारास कडक शासन केले, असेही ओदोरिकच लिहितो. ते विसरून या घटनेवरून आज कोणी शेजाऱ्याशी वैर धरील तर तो त्या रक्तसाक्ष्यांचा अपमान होईल. थॉमस यास पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली धन्यवादित म्हणून मान्यता दिली. चौघांच्या अस्थी ओदोरिकने काही वर्षांनी उकरून चीनपर्यंत नेल्या.

ठाण्याचे रक्तसाक्षी पुष्कळांस ऐकून माहीत असतात. आमचे लक्ष मात्र त्या १५ घरांकडे जाते. सहाव्या शतकात ज्या किनाऱ्यावर बिशप होता तेथे चौदाव्या शतकात १५ घरे उरली होती. आणि इतिहासात त्यांचा जो प्रवेश होतो तो एका नवऱ्याने बायकोस मारल्याच्या निमित्ताने! ख्रिस्ती घरातील त्या बाईस न्यायासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांकडे नव्हे, तर बाहेर जावे लागले. तिला दोष देण्यास आम्ही धजत नाही. तिचे ऐकून घेणारे मंडळीत कोणी उरले होते काय, हा प्रश्न आहे.

चौघांच्या मृत्यूच्या वेळी जॉर्डन भडोचच्या वाटेवर होता. परत येऊन त्याने त्यांस सोपाऱ्यास मूठमाती दिली आणि एकट्याने काम चालू ठेवले. ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांस आणि भडोचास सुमारे ९० जणांस आपण बाप्तिस्मा दिला, असे तो आपल्या पत्रात कळवितो. १३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी त्यास कोल्लमचा बिशप नेमले. या जॉर्डनने हिंदुस्थानचे एक वर्णन लिहिले आहे, आणि त्यातील एक वाक्य आमच्या मते आपल्या साऱ्या विषयाचा गाभा आहे. तो म्हणतो की या भागात इकडे एक, तिकडे एक असे विखुरलेले काही लोक आहेत. ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात, परंतु त्यांस बाप्तिस्मा नाही, श्रद्धेचे ज्ञान नाही, आणि प्रेषित थॉमस हाच ख्रिस्त अशी त्यांची समजूत आहे.

पाहा, नाव उरले होते. आजोबापणजोबा ख्रिस्ती होते एवढे त्यांस आठवत होते. अर्थ मात्र निघून गेला होता. ज्याने ख्रिस्ताकडे बोट दाखविले त्यालाच ते ख्रिस्त समजू लागले होते. त्यांचा कोणी छळ केला, तलवारीने त्यांस धर्म सोडावयास लावले, असे जॉर्डन लिहीत नाही. कोणी शिकविले नाही, कोणी एकत्र आणले नाही, एवढ्यानेच हे घडले असावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांचा बिशपही पर्शियाहूनच येत असे, त्यांची प्रार्थनाही सुरयानीतच होत असे; मग ते कसे टिकले? आम्हीही हा प्रश्न पुष्कळ दिवस मनात घोळविला. परका बिशप आणि परकी भाषा एवढेच कारण असते तर कोल्लमही कल्याणच्याच वाटेने गेले असते. फरक अन्यत्र आहे. बिशप परदेशचा असला तरी केरळात मंडळीचा कारभार देशी आर्चडीकनच्या हाती असे, आणि प्रत्येक गावच्या देवळाचा कारभार 'पळ्ळियोगम' म्हणजे त्या गावच्या कुटुंबप्रमुखांची व धर्मगुरूंची सभा पाहत असे. इ. स. ८४९ मध्ये वेणाडच्या राजाने कोल्लमच्या देवळास दिलेले ताम्रपट आजही आहेत. त्यांत जमीन, कुळे, वजनमापांचे हक्क यांची व्यवस्था आहे. म्हणजे ती मंडळी बंदरातल्या वखारीपुरती नव्हती. तिची मुळे मातीत गेली होती. पर्शियाचे जहाज दहापाच वर्षे आले नाही तरी तेथे सभा भरे, मुलांस प्रार्थना शिकविली जाई, मर्तिकास माणसे जमत. जातीपातीचा मान त्या मंडळीनेही पुष्कळ पाळला, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. तरी टिकण्याचे रहस्य आम्हांस त्या गावसभेतच दिसते, आणि यरुशलेमच्या सात सेवकांशी तिचे नाते जुळते.

मराठीपुरते म्हणाल तर लोकभाषेचे महत्त्व ओळखणारे मिशनरी झालेच नाहीत असे नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारनेच लोकभाषा बंद करण्याचा हुकूम काढला. एका हाताने लावलेले रोप दुसऱ्या हाताने उपटावे, तसे हे झाले. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्या विदर्भात कॅथोलिक श्रद्धा आली ती पुष्कळ उशिरा. संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून नागपूर-कामठीकडे आले. आरंभीची त्यांची मंडळी म्हणजे मुख्यतः छावणीतले शिपाई आणि मागाहून रेल्वेचे नोकर. म्हणजे कल्याणच्या व्यापाऱ्यांसारखीच बाहेरून आलेली, बदली झाली की जाणारी. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला, १९५५ साली त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला, आणि आपण त्याच्या छत्राखाली आलो. जिल्हा म्हणून वाशीम तर १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निराळा झाला. या मधल्या काळात श्रद्धा छावणीतून खेड्यात गेली ती मुख्यतः कॅटेकिस्ट मास्तरांच्या पायांनी. धर्मगुरू महिन्यातून एकदा येई. मास्तर मात्र गावातच राही, मुलांस 'आमच्या बापा' शिकवी, मरणाऱ्याच्या उशाशी बसे. आमच्या नाझरेन बंधूंनीही वाशीमात रुग्णसेवेचे मोठे काम उभे केले. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचे नाव येथे कोणास ठाऊक नाही? पंथ निराळा असला तरी जस्टिनने सांगितलेल्या आजाऱ्यांच्या सेवेचीच ती वाट आहे. आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेस मोकळीक दिली, तेव्हापासून आमच्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली.

तर मग आपण कल्याणच्या वाटेवर आहोत की कोल्लमच्या? आम्ही आमच्यापुरते जे दिसते ते सांगतो. आमच्या धर्मग्रामात एका गावी चार घरे आहेत, दुसऱ्या गावी दोन. सोयाबीन व तूर यांच्या भावावर ज्यांचा संसार चालतो अशी ही माणसे. त्यांची मुले शिकून पुण्यास, नाशकास, नागपुरास जातात. त्यांनी जाऊ नये असे कोण म्हणेल? परंतु तेथून सुट्टीस आलेल्या तरुणास आम्ही विचारतो, 'तुझे सोबती तुझ्या धर्माविषयी काय विचारतात आणि तू काय सांगतोस?' तेव्हा 'आम्ही नाताळ करतो' यापलीकडे कित्येकांस उत्तर सुचत नाही. जॉर्डनने पाहिलेली विखुरलेली माणसे अशीच नसतील कशावरून?

दुसरी गोष्ट पंगतीची. आमच्यात केरळाहून आलेल्या नर्सबाई आहेत, तामिळ कुटुंबे आहेत, गोव्याचे आहेत, आणि येथल्याच मातीत जन्मलेले मराठी शेतकरी व मजूर आहेत. सणाच्या दिवशी इंग्रजी गायन व्हावे की मराठी, समितीवर कोणाची नावे असावीत, जेवणास कोण कोणाजवळ बसतो, यावरून कुरकुर होते. ती आमच्या कानांवर येते आणि येत राहावी. कारण ज्या मंडळीत कुरकुर ऐकू येते तेथे माणसे अजून एका पंगतीस बसतात, असा आमचा अनुभव आहे. जो गट रुसून मुकाट्याने घरी बसतो त्याची चिंता अधिक. यंदाच्या ज्युबिली-भोजनाच्या व्यवस्थेत म्हणून ज्यांनी मागील वर्षी सर्वांत जास्त तक्रारी केल्या त्यांनाच वाढप्यांचे प्रमुख केले आहे! कोणी हसले, कोणी रागावले; प्रेषितांची प्रथा आहे एवढेच आम्ही सांगितले.

तिसरी गोष्ट ठाण्याच्या त्या बाईची. घरात मारहाण झाली, दारूने संसार नासला, सुनेचा छळ झाला, तर ऐकून घेणारे कोणी आपल्या मंडळीत आहे काय? सरकारचे कायदे आहेत, पोलिस आहेत, आणि प्रसंगी तेथे जाणे हा त्या बाईचा हक्कच आहे. त्यासाठी तिला आम्ही कधी अडविणार नाही. परंतु मंडळीतील दोन समंजस बायांकडे तिला आधी रडता यावे, आणि पोलिसात जावयाची वेळ आली तर तिच्याबरोबर जाणारे कोणी असावे. धर्मगुरूकडे या गोष्टी बोलावयास बाया संकोचतात, हे आम्ही जाणतो. प्लिनीच्या पत्रातील त्या दोन दासींची नावे इतिहासाने राखली नाहीत. त्यांचे काम मात्र आजही रिकामे पडले आहे.

शेवटी एक व्यवस्थेची गोष्ट. ज्या गावी आम्ही महिन्यातून एकदाच मिस्सा करू शकतो तेथे उरलेले रविवार कोरडे जातात. धर्मगुरू नसता रविवारची प्रार्थना सामान्य श्रद्धावंतांनी चालविण्याविषयी रोमने १९८८ साली नियम घालून दिले आहेत, आणि बिशपांच्या अनुमतीने ते येथे लागू करावयाचे आहेत. तेव्हा येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून प्रत्येक अशा गावी तेथल्याच एखाद्या घरी मंडळी जमेल, शुभवर्तमान मराठीत वाचले जाईल, मुलांची अर्धा तास शिकवणी होईल, आणि जमलेल्या पैशातून त्या गावातील आजारी माणसाची विचारपूस होईल. हे कोणी चालवावे ते गावाने निवडावयाचे, आम्ही नव्हे. प्रत्येक गावाने दोन नावे द्यावीत, त्यांत एक बाईचे असावे. दोनच घरे असतील तर प्रत्येक घरातून एक. वाचता येत नसेल त्यास वाचून दाखविणारा मुलगा बरोबर घेता येईल. नावे नोव्हेंबर संपण्यापूर्वी आमच्याकडे किंवा सिस्टरांकडे पोहोचवावीत; डिसेंबरात तीन शनिवारी दुपारी देवळाच्या ओसरीवर त्यांची शिकवणी घेऊ, आणि लांबून येणाऱ्यांस जेवण व एस. टी. चे भाडे धर्मग्रामाच्या पेटीतून दिले जाईल.